चाळीच्या जागी टॉवर आला, पण आमची अभ्यासिका चालवायला पैसे कुठून आणायचे?

पायरीवरचा_दिवा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहायला बसलो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी बीडीडी चाळीत वाढलो. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो: बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या या २०७ इमारती. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. आता शिवडी सोडून बाकी तिन्ही ठिकाणी म्हाडातर्फे पुनर्विकास चालू आहे आणि प्रत्येक पात्र कुटुंबाला ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या, तेव्हा टीव्हीवर ती माणसं रडताना पाहून आमच्या घरातही सगळ्यांचे डोळे भरले होते. आमची इमारत मागच्या टप्प्यात आहे, आम्ही सध्या भाड्यानं राहतो. घराबद्दल माझी काहीच तक्रार नाही, हे आधीच सांगतो.

प्रश्न अभ्यासिकेचा आहे.

१६० चौरस फुटांत सात-आठ माणसं राहात असतील तर दहावीच्या पोरानं पुस्तक उघडायचं कुठे? म्हणून वडिलांच्या पिढीनं तळमजल्यावर अभ्यासिका काढली. गिरणीतून निवृत्त झालेल्या एका सभासदानं गावी जाताना आपली खोली वापरायला दिली. दोन ट्यूबलाइट, एक पंखा, सतरंज्या, पुढे बाकडी आली. रात्री एक वाजेपर्यंत दार उघडं. दार उघडायला आणि बंद करायला एक काका, त्यांना थोडं मानधन. पोरांकडून महिन्याला ५० रुपये, ज्याला जमत नाही त्याला माफ. तिथं बसून पोलीस भरतीत लागलेली, नर्स झालेली, बँकेत गेलेली माणसं मी नावानिशी सांगू शकतो. मी स्वतः त्यातलाच.

इमारत रिकामी करायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की खोली सभासदाच्या नावावर, वीजमीटर त्यांच्याच नावावर, अभ्यासिका चालवणाऱ्या आमच्या संस्थेचं नाव खोलीच्या कागदांवर कुठेच नाही. खोलीचा हक्क त्यांच्या मुलांना मिळाला आणि तो त्यांचाच होता, त्याबद्दल वाद नाही. पुस्तकांची चार कपाटं चार घरांत वाटून ठेवली. सभासद कल्याण, नालासोपारा, काळाचौकी असे पांगले. दोन वर्षं वार्षिक सभेला गणसंख्याच भरली नाही.

आता नव्या जागेत पुन्हा सुरू करायचं म्हणून मी दारोदार फिरतोय. एका मोठ्या कंपनीच्या माणसांनी फार आपुलकीनं ऐकून घेतलं. ४० खुर्च्या देतो म्हणाले, चार संगणक देतो म्हणाले, भिंतीवर त्यांच्या नावाचा फलक लावायचा. मी विचारलं, काकांचं मानधन आणि विजेचं बिल? ते म्हणाले, "ते आमच्यात बसत नाही." आमदार-खासदार निधीचं विचारलं तर तिथंही बांधकाम किंवा टिकाऊ वस्तू, रोजचा खर्च नाही. २०२५ च्या गणेशोत्सवात राज्य सरकारनं १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५,००० रुपये जाहीर केले, मला आनंद झाला, पण ते भांडवली अनुदान, म्हणजे टाळ-मृदंग-पेटी घ्यायला.

वस्तू द्यायला सगळे तयार आहेत. दार उघडणाऱ्या माणसाचे पैसे कोण देतं? तुमच्यापैकी कुणी असा चालू खर्च मिळवला आहे का? कसा?

---

पोयबावडी

दादा, अगदी आमचीच गोष्ट लिहिलीत. आमचं वाचनालय होतं, अनुदानित नव्हे, असंच चाळीचं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग असतात, मान्यता मिळाली की शासनाचं वार्षिक अनुदान मिळतं आणि २०२२-२३ पासून ते ६० टक्क्यांनी वाढवलंही. पण आमची मान्यता घ्यायची राहून गेली. 'चाळ आहे तोवर वाचनालय आहेच' असं सगळ्यांना वाटायचं.

संक्रमण शिबिरात गेल्यावर पहिल्या पावसात दोन खोकी भिजली. त्यात १९५० च्या आसपासचे दिवाळी अंक होते. अजून आठवलं की पोटात कालवतं.

---

जमाखर्च

मी सनदी लेखापाल आहे, लहान न्यासांची कामं बरीच करतो. धागाकर्त्यांना कंपनीनं जे सांगितलं ते त्या कंपनीचं धोरण असेल, कायदा तसं म्हणत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की सविस्तर लिहितो.

कंपनी कायद्याचं कलम १३५. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी लागू झालं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर (यालाच सीएसआर म्हणतात) खर्च करणं बंधनकारक. त्याच कलमात लिहिलंय की कंपनीनं आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावं. लोअर परळ-वरळीच्या टॉवरांत किती कंपन्यांची मुख्य कार्यालयं आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदातच लिहा: तुमच्या खिडकीतून आमची इमारत दिसते.

आता पगाराचं. नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चावर. प्रकल्पावर थेट काम करणाऱ्या माणसाचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च धरला जातो. अभ्यासिकेचे काका म्हणजे अभ्यासिकेचा प्रकल्पखर्च. शिवाय 'चालू प्रकल्प' म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मदत देता येते. तेव्हा 'एकरकमी खुर्च्या' ऐवजी 'तीन वर्षांचा चालू खर्च' असा प्रस्ताव मांडा. बहुतेक लहान संस्था मागतच नाहीत, म्हणून मिळत नाही.

पण अट आहे. पैसे घेणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ हा नोंदणी क्रमांक हवा. त्यासाठी आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी, आणि त्या प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. तुमच्याकडे यातलं काय आहे?

---

पायरीवरचा_दिवा

जमाखर्च साहेब, मनापासून आभार. एवढं स्पष्ट मला कुणीच सांगितलं नव्हतं.

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, जुनी. पीटीआरची, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदवहीच्या उताऱ्याची, प्रत आहे. १२ए, ८०जी काहीच नाही. आणि एक अडचण आहे, चूक आमचीच: पीटीआरवर जे पाच विश्वस्त आहेत त्यातले दोघे वारले, एक गावी असतात. आम्ही नवीन माणसं सभेत निवडली, इतिवृत्तात लिहिलं, पण तो बदल धर्मादाय आयुक्तांना कळवणारा फेरफार अर्ज कधी भरलाच नाही. कागदावर आजही वारलेली माणसंच संस्था चालवताहेत.

आणि तीन वर्षांचा अनुभव म्हणाल तर चाळ रिकामी झाल्यापासून काम बंद आहे. तो धरणार कसा?

---

जमाखर्च

फेरफार अर्ज बदलानंतर ९० दिवसांत द्यायचा असतो, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम २२. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडायचा, मृत्यूचे दाखले, सभेची नोटीस, इतिवृत्त, हजेरीच्या सह्या. वरळीलाच ॲनी बेझंट रोडवर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, तुम्हाला लांब नाही. हे आधी करा, बाकी सगळं याच्यावर उभं आहे. हा अर्ज मंजूर नसेल तर बँकेत सह्या बदलायलाही अडतं.

१२ए चं पुढे १२एबी झालं. नव्यानं घेताना काम सुरू व्हायचं असेल तर आधी तात्पुरती मिळते, तीन वर्षांची. नियमित नोंदणी पूर्वी पाच वर्षांची होती, २०२५ च्या वित्त कायद्यानं वर्षाला ५ कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थांना ती दहा वर्षांची केली. लहान संस्थांसाठी हा फार मोठा दिलासा आहे.

अनुभवाचं: काम बंद होतं म्हणू नका. पोरं कुणाच्या तरी घरी, देवळात, गच्चीवर बसून अभ्यास करतच असतील ना? तुम्ही पुस्तकं दिली असतील? हजेरीवही ठेवा, फोटो ठेवा, तारखा घाला. मात्र जे झालं नाही ते लिहू नका. मागच्या तारखेची हजेरी घालणारी संस्था मी तपासणीत पाहिली आहे, पुन्हा कुणी तिच्याजवळ उभं राहिलं नाही.

---

पायरीवरचा_दिवा

देवळात बसतात, खरंच. सात-आठ जणं विठ्ठल मंदिराच्या मंडपात रोज संध्याकाळी बसतात, आमच्याच पुस्तकांवर. हे काम म्हणून मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

---

गिरणीचा_भोंगा

मी वयानं मोठा आहे, जरा मागचं सांगतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी २३ वर्षांचा होतो. अडीच लाख कामगार. आमच्या लालबाग-परळात तेव्हा 'अनुदान' हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. गावकीची खोली असायची. कोकणातल्या एकेका गावाच्या माणसांनी मिळून घेतलेली, महिन्याची वर्गणी ठरलेली. आजारपण, मयत, मुलीचं लग्न, पोराची फी, सगळं त्यातून. गणेशोत्सव मंडळांचंही तेच. आजही वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१क ची तात्पुरती परवानगी काढून कितीतरी मंडळं वर्षभराच्या वह्या वाटतात, रक्तदान करतात, औषधाला पैसे देतात. आमच्या भागातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जवळचं अनुदान म्हणजे वर्गणी.

दुसरं. नियमात वाटा लिहून घेतला म्हणजे तो मिळाला असं समजू नका. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाची. आम्हाला वाटलं होतं मैदानं मिळतील, पोरं खेळतील. २००१ ला दुरुस्ती झाली आणि हिशेब फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचा धरायचा असं ठरलं. गिरणीचं बांधकाम जिथे उभं होतं ती जमीन वाट्यातून गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, २००६ ला दुरुस्ती कायम राहिली. कुणी घर हिसकावलं नाही, दगड मारला नाही. एका व्याख्येनं मैदानं गेली.

म्हणून पोरा, नव्या इमारतीत अभ्यासिकेला खोली देऊ असं कुणी तोंडी म्हणालं असेल तर ते आजच कागदावर घे.

---

थेम्सकाठी

मी मूळची दादरची, आता पूर्व लंडनमध्ये हॅकनी विकजवळ राहते. २०१२ च्या ऑलिंपिकचं मैदान आमच्या शेजारी झालं आणि सगळा भाग बदलला. गोदामं गेली, काचेच्या इमारती आल्या, भाडी वाढली. धागा वाचताना सारखं तेच आठवत होतं.

इकडे 'बिग लोकल' नावाची योजना झाली. लॉटरीच्या निधीतून इंग्लंडमधल्या १५० वस्त्यांना प्रत्येकी किमान दहा लाख पौंड, म्हणजे साधारण बारा कोटी रुपये. वस्त्या मुद्दाम अशा निवडल्या ज्यांच्या वाट्याला आधी लॉटरीचे पैसे फारसे आले नव्हते. आमच्या हॅकनी विकलाही मिळाले. मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटली ती मुदत: दहा ते पंधरा वर्षं. मार्च जवळ आला म्हणून घाईघाईनं खर्च करा, असं नाही. काय करायचं ते ठरवणार किमान आठ जणांचं मंडळ आणि त्यात निम्म्याहून जास्त तिथेच राहणारे लोक. खर्च पगारावर करायचा की बाकांवर, हे तेच ठरवणार.

सगळं गोड नव्हतं. काही ठिकाणी सुरुवातीची दोन-दोन वर्षं नुसत्या बैठकाच झाल्या, भांडणं झाली. पण भांडून झाल्यावर माणसं एकमेकांना ओळखायला लागली, आणि पैसे तोवर संपले नव्हते.

त्याआधी १९९८ पासून 'न्यू डील फॉर कम्युनिटीज' झालं, ३९ भाग, दहा वर्षं, प्रत्येकी सुमारे पाच कोटी पौंड. शोरडिचमधल्या मंडळींनी त्यातून इमारती घेऊन ठेवल्या. अनुदान संपल्यावर त्यांच्या भाड्यातून कामं चालू राहिली. हे मला तुमच्यासाठी महत्त्वाचं वाटतं.

आणि एक. इकडे बिल्डरकडून प्रत्येक चौरस मीटरमागे पायाभूत सुविधांचा आकार घेतात. त्यातले १५ टक्के त्याच परिसरासाठी, आणि रहिवाशांनी आपला परिसर आराखडा मतदानानं मंजूर केला असेल तर २५ टक्के. हे पैसे बांधायलाच हवेत असं नाही, चालवायच्या खर्चालाही वापरता येतात. लंडनच्या कित्येक भागांत यातूनच लहान संस्थांना अनुदानं दिली जातात.

---

पायरीवरचा_दिवा

ताई, एक विचारतो. आठ रहिवाशांचं मंडळ म्हणता, पण ते नोंदणीकृत नसेल तर पैसे कुणाच्या खात्यात जायचे?

---

थेम्सकाठी

बरोबर विचारलंत. मंडळाला नोंदणीची सक्ती नव्हती. त्याच भागातली किंवा जवळची एखादी नोंदणीकृत, हिशेब चोख असलेली संस्था निवडायची, पैसे तिच्या खात्यात, निर्णय मंडळाचा. एका वस्तीच्या चार लहान गटांना चार लेखापाल लागत नाहीत, एकच संस्था सगळ्यांचे हिशेब ठेवते. तुमच्याकडेही अभ्यासिका, वाचनालय, महिला मंडळ, व्यायामशाळा सगळे वेगवेगळे झगडत असतील असं वाटतं.

---

सरळरेषा

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका.

वरळीत ५०० चौरस फुटांचं घर मोफत मिळतंय. त्याची बाजारातली किंमत काय आहे सगळ्यांना माहीत आहे. मग त्याच इमारतीतल्या शेकडो कुटुंबांनी महिन्याला ५०-१०० रुपये काढून आपली अभ्यासिका का चालवू नये? सार्वजनिक पैसा किंवा कंपनीचा पैसा मागण्याआधी आपण किती घातला, हा प्रश्न कुणीही विचारेल. मंडळांच्या नावावर घेतलेल्या पैशाचं काय होतं हेही आपण सगळे पाहतो.

---

वस्तीताई

सरळरेषा, घर मोठं झालं म्हणून पगार मोठा होत नाही. लिफ्ट, पाण्याचा पंप, देखभाल, हे सगळं चाळीत नव्हतं. मी वस्तीत काम करते, पुनर्वसनाच्या इमारतीत देखभालीचे पैसे थकलेली घरं मोजली आहेत. आणि अभ्यासिकेत येणारं पोर त्याच इमारतीतलं असतं असंही नाही, समोरच्या झोपडपट्टीतलं असतं.

हिशेबाबद्दल मात्र तुमचं पटतं. आम्ही महिला मंडळातर्फे स्वच्छतेचं काम घ्यायचो. आधी महापालिकेची दत्तक वस्ती योजना होती, २०१३ पासून स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान. गल्ल्या झाडायच्या, लहान गटारं काढायची, घरोघरचा कचरा न्यायचा, माणशी मानधन. बायकांच्या हातात पैसा यायचा आणि त्याच बायका संध्याकाळी बालवाडी, बचतगट बघायच्या. महिन्याचं मस्टर, फोटो, प्रत्येकीच्या खात्यात थेट पैसे, मी एकही कागद चुकू दिला नाही. मग २०२४ ला सगळ्या वस्त्यांचं काम मिळून चार वर्षांसाठी सुमारे १,४०० कोटींचं एकच कंत्राट काढायचं ठरलं. बेरोजगार संस्थांचा महासंघ उच्च न्यायालयात गेला.

तेव्हापासून माझं म्हणणं एवढंच आहे की लहान संस्थेनं एकाच झऱ्यावर राहू नये. आमच्या बायका त्या एका मानधनावर होत्या. ते डळमळलं तशी बालवाडीही डळमळली, जिचा झाडूशी काही संबंध नव्हता.

---

पायरीवरचा_दिवा

सरळरेषा, राग अजिबात नाही. काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचून वही घेऊन बसलो. काकांचं मानधन, वीज, पाणी, झाडलोट, वर्तमानपत्रं, लेखापरीक्षण मिळून महिन्याला साधारण तीस हजार येतात. ३०० घरांनी ५० रुपये दिले तर १५,०००. सगळी देणार नाहीत, २०० धरली तर १०,०००. म्हणजे एक तृतीयांश आपण स्वतः उभा करू शकतो. हा आकडा घेऊन कंपनीकडे गेलो तर बोलणं वेगळं होईल. हे मला आधी सुचायला हवं होतं.

काका (गिरणीचा_भोंगा), गावकीच्या खोलीचं वाचून आईला विचारलं. तिनं ट्रंकेतून वर्गणीची जुनी वही काढली. माझ्या आजोबांच्या नावापुढे महिन्याला आठ आणे.

आता ठरवलंय ते असं. फेरफार अर्ज आधी. पुढच्या रविवारी मंदिराच्या मंडपातच सभा, मुलांनाही बसवणार. आमच्या तिन्ही-चारी लहान संस्थांनी मिळून हिशेब एकाच ठिकाणी ठेवायचा, हा थेम्सकाठी ताईंचा विषय त्या सभेत ठेवणार. महिला मंडळाच्या बायका तयार होतील असं वाटतं, व्यायामशाळेचं सांगता येत नाही. खोलीबद्दल रहिवासी संघाकडून ठराव लेखी मागणार आणि त्याची प्रत म्हाडाला पोच घेऊन देणार. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षं कुठल्या नगरसेवकाकडे जायची सोयच नव्हती, आता नगरसेवक आहेत, तर तोही मार्ग बघू.

जमाखर्च साहेब, एक विनंती. विलंब माफीचा अर्ज कधी लिहिला नाही. तासभर सोबत बसाल का? तुमची फी काय असेल ती देऊ.

---

जमाखर्च

फी नको. शनिवारी संध्याकाळी सहानंतर मोकळा आहे. येताना पीटीआरची प्रत, दोन्ही मृत्यूचे दाखले, सभेच्या वह्या जेवढ्या सापडतील तेवढ्या आणि बँकेचं पासबुक आणा. आईंनी काढलेली ती वर्गणीची वहीही आणा, जुन्या कामाचा पुरावा म्हणून जोडू. मूळ वही देऊ नका कुणाला, झेरॉक्सच द्या.

---

पोयबावडी

शनिवारी मीही येऊ का? आमच्या वाचनालयाचे विश्वस्तही बदलायचे राहिलेत. उरलेली खोकी माळ्यावर आहेत, ती तुमच्या खोलीत ठेवता येतील का तेही बोलू.